एकेचाळिसावं पान

तेरेसाने चहाच्या आधी पुस्तक पुढे केलं. मुखपृष्ठावर त्रिकोण, त्रिकोणात डोळा.

“श्यामभाऊ, हे वाचा. आणि मग मला खरं सांगा.”

गोराईच्या त्या घरात लॉरेन्सच्या फोटोवरचा हार आजचाच, ताजा होता. उद्या त्याला जाऊन महिना होणार. सकाळी सातला चर्चमध्ये मिस्सा. मिस्सात वाचायचं त्याचं नाव मात्र तेरेसाने अजून फादरना दिलं नव्हतं. बावीस वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तो काळी बॅग घेऊन निघायचा. “क्लबात,” म्हणायचा. परवा तिने ती बॅग उघडली. आत पांढऱ्या कातड्याचा एप्रन आणि सभासदपत्र. नवरा फ्रीमेसन लोकांच्या गुप्त मंडळात होता, हे तिला तेव्हा कळलं. आणि काल कुणीतरी हे पुस्तक आणून दिलं.

शनिवारी लॉरेन्सबरोबर जाणारा त्याचा मित्र श्यामसुंदर त्याच मंडळातला. त्याने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. पहिल्या पानावर फ्रीमेसन जगातल्या सगळ्या बँका चालवत होते. दहाव्यावर सरकारं पाडत होते.

त्याला हसू आलं. “वहिनी, लॉरेन्स गावच्या फुटबॉल क्लबच्या निवडणुकीत तीनदा पडला. तो सरकारं पाडणार? आमच्या हॉलचा पंखा बदलायचा ठराव दोन वर्षं रखडलाय.”

तेरेसालाही हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. “आणि ते सैतानाच्या पूजेचं लिहिलंय ते?”

“कसला सैतान? शपथ ज्याच्या त्याच्या ग्रंथावर. माझ्यापुढे गीता, त्याच्यापुढे बायबल. आणि आमच्या विधीतलं त्याचं पाठांतर काय सांगू! हातात कागद नाही, चिटोरं नाही. बुवा कीर्तनात आख्यान लावतात ना, तसं म्हणायचा. मी नुसता ऐकत बसायचो. बोरिवलीच्या देवळात मी त्याला कीर्तनाला न्यायचो, तर तिथे मान डोलवायला हाच पहिला. म्हणायचा, श्याम, आमच्या फादरला पण एक टाळ दे रे.”

बोलता बोलता त्याने पान उलटलं. एकेचाळिसावं. आणि तो थांबला.

नव्या माणसाचे डोळे बांधतात, गळ्यात दोर अडकवतात, छाती उघडी टाकतात आणि अंधारात फिरवतात, असं तिथे लिहिलं होतं.

“इथे हसला नाहीत,” तेरेसा म्हणाली.

त्याने पुस्तक मिटलं.

“म्हणजे हे खरं आहे.”

आतलं बाहेर बोलणार नाही, असं त्याने गीतेवर हात ठेवून म्हटलं होतं. आणि वहिनीशी खोटं बोलायला जीभ रेटत नव्हती.

“तुमच्या गुपितांचं मला काय करायचंय?” तेरेसा म्हणाली. “माझा माणूस कुठल्या हातात होता, तेवढं सांगा. वाईट हातात असला, तर उद्या त्याचं नाव कुठल्या तोंडाने देऊ?”

श्यामसुंदर उठला. “वहिनी, उभ्या राहा. डोळे मिटा.”

त्याने तिचा हात धरला, दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला आणि चालायला लागला. हळूहळू. टेबलाला वळसा, मग दार. उंबऱ्यापाशी त्याने तिचं कोपर दोनदा दाबलं. तिने पाय उचलला आणि पलीकडे टेकवला. पायरी आली, पुन्हा दोनदा.

अठरा वर्षांपूर्वी मंडळात येताना त्याचे डोळे बांधले होते. नेणाऱ्याने बोलायचं नसतं. पण प्रत्येक पायरीआधी कोपरावरची बोटं दोनदा दाबत होती. पट्टी सुटली तेव्हा शेजारी लॉरेन्स उभा होता, गालातल्या गालात हसत.

यातलं तो काहीच बोलला नाही.

अंगणात तेरेसा थांबली. डोळे मिटलेलेच होते.

“जेट्टीवर होडीत चढताना फळी हलायची ना,” ती म्हणाली, “तेव्हा मला तो असंच दाबायचा.”

श्यामसुंदरने हात सोडवून घ्यायला पाहिलं. तिने घट्ट धरला.

“नाव देते मी उद्या. पण थांबू नका, श्यामभाऊ. अजून थोडं चालवा.”