रविवारी अकरा ते बारा

"दमयंतीताई, गुडघा काय म्हणतोय?"

ओट्यावरच्या रेडिओतून नवऱ्याचा आवाज असा काही लाडात आला, की कालिंदीच्या लाटण्याखाली पोळीच फाटली.

मेलबर्नच्या सरकारी पेन्शन कचेरीत त्याने एकतीस वर्षं म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली. निवृत्त झाल्यापासून पाच वर्षं दर रविवारी तो सामुदायिक रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेत तासभर मराठी कार्यक्रम करत होता, तोही बिनपगारी. गावभर कौतुक! घरात मात्र "हं" आणि "बघू" एवढ्यावरच संसार चालला होता.

"बराय हो! तुम्ही सांगितलेला शेक रोज घेते ना," ती बया खिदळली.

कालिंदीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचाही गुडघा दोन वर्षं ठणकत होता. शेक राहू दे, साधी चौकशीसुद्धा कुणी केली नव्हती. पिठाच्या हातानेच तिने स्टेशनला फोन लावला.

"नमस्कार! बोला, कोण बोलतंय?" फोनवर आणि रेडिओवर तोच लाडिक आवाज.

"अहो, माझापण गुडघा दुखतो."

रेडिओ गप्प झाला. ना गाणं, ना निवेदन. पाच वर्षांत पहिल्यांदाच मेलबर्नभरच्या मराठी माणसांनी तिच्या घरातली शांतता ऐकली.