अण्णांची जागा

“कर सही,” उद्धवकाकांनी अर्ज तनुजासमोर सरकवला. “अण्णाची जागा हाय ती. दुसरा कुणी बसायच्या आत तू बस.”

तेरवी कालच झाली होती. बैठकीतली सतरंजी अजून उचललेली नव्हती. अण्णांच्या, म्हणजे तनुजाचे वडील व्यंकटराव यांच्या, फोटोवरचा हार पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता.

“काका, मला काम आहे माझं.”

“कोणतं? फुटक्या पेट्या जोडायचं?” काका हसले. “लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होतीस तवा लोक मॅडम म्हणायचे. आता काय म्हणायलेत? पेटीवाली?”

“हो. पेटीवालीच म्हणतात.”

“ऐका वहिनी, ऐका.”

तनुजाची आई, इंदू, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली होती.

शेकडो मुलांच्या हॉलमध्ये त्याच धड्यावर तेच विनोद करून तनुजाला वीट आला होता. ती क्लास सोडून लातूरच्याच गंजगोलाई बाजाराजवळ हार्मोनियम दुरुस्त करायला शिकली, मग स्वतःचं दुकान टाकलं. व्यंकटरावांना ते कधीच पटलं नाही. त्यांना स्वतःला एकोणिसाव्या वर्षी वडिलांच्या जागी नांदेडला पाटबंधारे खात्यात बसवलं होतं. नोकरीत असताना माणूस गेला, की घरातल्या एकाला नोकरी मिळते. अनुकंपा म्हणतात तिला. “त्या जागेनं आपल्याला जगवलं,” ते सांगत. पण त्या जागेबद्दल दुसरा चांगला शब्द तनुजानं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ऑफिसातून आले की ते आधी न्हाणीत जाऊन पाय धुवायचे. खूप वेळ.

गेल्या पोळ्याला दोघांचं शेवटचं भांडण झालं.

“मी मेल्यावर तरी माझ्या जागी बसशील का?”

“तुम्ही मेलात तरी नाही.”

त्यानंतर त्यांनी तो विषय काढलाच नाही. फोनवर नुसतं “ठीक हाय, ठेवतो” म्हणायचे. तिनंही हट्टानं जास्त विचारलं नाही. आणि दोन आठवड्यांपूर्वी हदगावला ऑफिसच्या कामाला म्हणून गेले, ते तिथं स्टँडवरच कोसळले.

“जन्मभर नोकरी केली त्यानं,” काकांचा आवाज चढला, “आणि ऑफिसातून मातीला आलं कोण? एकटा तो धम्मानंद! असली माणसं हायत. उद्या जागापण गिळतील.”

तनुजाला काकांचा राग आला. ऑफिसचा आला. सगळ्यात जास्त फोटोतल्या माणसाचा आला. भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायचं, आणि वर जिंकायचंसुद्धा!

दुकान आता कुठं उभं राहत होतं. आधी बंदच पडायला आलं होतं. संक्रांतीनंतर मात्र नांदेडच्या एसटीतून पेट्या यायला लागल्या. भोकरच्या, मुखेडच्या, कुठल्या कुठल्या भजनी मंडळांच्या, शाळांच्या. उंदरांनी कुरतडलेले भाते, गंजलेल्या सुरांच्या पट्ट्या. बालाजी नावाचा कंडक्टर त्या उतरवून द्यायचा. कोण पाठवतं, असं विचारल्यावर म्हणाला होता, “रिटायर्ड माणूस हाय, ताई. गावोगाव फिरून गोळा करतेत. नाव सांगत न्हाईत.” त्या पेट्यांतून सूर निघाला की तनुजाला वाटायचं, याच्यासाठीच आपण जन्माला आलो.

“तुम्ही मेलात तरी नाही.” स्वतःचंच हे वाक्य तेरा दिवस तिला ऐकू येत होतं.

तिनं पेन उचललं. सही करताना ते इतकं दाबलं की कागद फाटला.

“झालं समाधान?” ती म्हणाली. “चला. आत्ताच देऊन येऊ. मग दुकानाला कुलूप लावायला लातूरला जाते.”

ऑफिसात धम्मानंद त्यांना बघून उठून उभा राहिला. त्याच्या पलीकडच्या टेबलाशी, खिडकीच्या बाजूला, एक तरुण फायली चाळत होता. ते टेबल तनुजाला ठाऊक होतं. लहानपणी तिनं त्याच्याखाली बसून डबा खाल्ला होता.

काकांनीही ते पाहिलं. “बघ, म्हटलं नव्हतं?” ते ओरडले. “चिता थंड झाली न्हाई, तर दुसरा आणून बसवला! लाज हाय का?”

सगळ्यांनी माना वळवल्या. तो तरुण गोंधळून उभा राहिला.

“त्याला बोलू नका, साहेब,” धम्मानंद म्हणाला. “तो संक्रांतीपासून तिथं बसायलाय.”

“काय बोलायलास?”

“अण्णांनी जागा सोडली. स्वेच्छानिवृत्ती. पोळा झाला अन् मला नियम विचारला. जिवंतपणी नोकरी सोडली तर आपल्यामागं त्या जागी लेकराला बसवता येतं का? मी म्हटलं, न्हाई येत. वहिनींना पेन्शन? म्हटलं, ती मिळते. ‘बस, मग झालं,’ म्हणाले. घरी सांगणार न्हाईस, अशी शपथ घातली मला.”

“खोटं हाय!” काकांनी टेबलावर हात आपटला. “रोज सकाळी डबा घेऊन निघायचा तो!”

“हाव. निघायचे.”

तनुजाच्या हातातला अर्ज चुरगळला होता. “कुठं?” तिनं विचारलं. “कुठं जायचे?”

धम्मानंद कपाटामागं वाकला आणि पोत्यात गुंडाळलेलं एक जड ओझं उचलून त्यानं तिच्यासमोर ठेवलं. पोतं सुटलं. आत एक जुनी पेटी होती, भाता उंदरांनी कुरतडलेला.

“हदगावच्या स्टँडवर ही त्यांच्या मांडीवर होती, मी उचलून आणली,” तो म्हणाला. “बालाजीच्या गाडीत टाकायची राहिली.”