ओमानहून परत आलेली चप्पल

चप्पल पोत्यात होती. डाव्या पायाची, टाचदुखीवाले घालतात तसली मऊ काळी, पट्ट्याला मोच्यानं मारलेला लाल दोऱ्याचा टाका. निलमनं ती बघताक्षणी ओळखली. ओळखणारच! एम.एस्सी.चा अख्खा प्रबंध तिनं या चपलेवर लिहिला होता आणि थोड्या वेळात तिची तोंडी परीक्षा होती. स्टोअररूममध्ये ती आली होती नकाशा टांगायला खिळा शोधत.

"प्रल्हादकाका, ही इथं कशी?"

प्रल्हाद कॉलेजचा शिपाई. माणूस काटकसरी. "कशी म्हणजे? इथंच असते. सप्टेंबरातल्या किनारा स्वच्छतेचं सामान आहे ते. पाहुणे येणार म्हणून गाव आदल्या दिवशीच किनारा झाडून ठेवतं. मग पाहुण्यांनी उचलायचं काय, वाळू? पहिल्या वर्षीचा कचरा मी धुवून ठेवलाय. सकाळी टाकून येतो, कार्यक्रम झाला की परत पोत्यात."

धुवून! निलमनं लाल टाका पुन्हा एकदा निरखून बघितला.

सागरी परिसंस्था व्यवस्थापन हा तिचा विषय आणि चुरी सर तिचे गाईड. डहाणूच्या किनाऱ्यावरून वाहून गेलेली वस्तू वर्षभर समुद्र फिरून त्याच जागी परत येते, हा सरांचा शोध. २०१४ पासून दर सप्टेंबरात तीच चप्पल तिथंच सापडत होती, याहून मोठा पुरावा कोणता? सरांनी त्यावर गोव्याला निबंध वाचला, टाळ्या घेतल्या. नकाशात चपलेचा बाण ओमानपर्यंत जाऊन परत येत होता. एवढ्या प्रवासात ती झिजत कशी नाही, असं निलमनं एकदा विचारलं होतं. "मिठात वस्तू टिकते. लोणचं टिकतं की नाही?" सर म्हणाले होते. तिनं तेही प्रबंधात घातलं होतं.

तिकडे तलासरीत, उधव्याच्या पाड्यावर, तिची आई भिकी वाट बघत होती. चिकूच्या वाड्यांत मजुरी करून बाईनं पोरीला शिकवलं होतं. "समुद्राला कशाला गं मॅनेजर लागतो?" असं पाड्यावरचे चिडवायचे, तर ती ठणकावून सांगायची, "माझी निलम पास होऊ दे, मग समुद्रालाच विचारा!" गप्प बसलं तर पास. बोललं तर दोन वर्षं पाण्यात.

ती चप्पल घेऊन सरांकडे गेली. सरांनी आधी दार लावून घेतलं.

"निलम, तू पास व्हायला आलीयस की पोलीस व्हायला? जा, ठेवून ये जागेवर."

तिनं मान डोलावली. चप्पल मात्र ओढणीखालीच राहिली.

मुंबईहून आलेले परीक्षक डॉ. कारखानीस जिना चढून लंगडत आत आले. "टाच," ते म्हणाले, "जुनं दुखणं." पाणी प्यायले. प्रबंध त्यांनी अर्थातच उघडला नव्हता. भिंतीवरच्या नकाशातल्या ओमानकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. "हं. करा सुरुवात."

निलम उभी राहिली. "सर, डहाणूची चप्पल ओमानला..." एवढं बोलली आणि तिची तिलाच लाज वाटली. तिनं चप्पल काढून टेबलावर ठेवली.

"सर, ही समुद्रातून येत नाही. स्टोअररूममधून येते."

चुरी सर ताडकन उठले. "मुलगी घाबरलीय, सर! ही चप्पल दुसरीच कुठली तरी. बाजारात अशा छप्पन्न मिळतात. सिद्ध कर म्हणावं!"

सिद्ध काय कपाळ करणार? प्रल्हाद चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता, पण तो एकाएकी छताचा पंखा निरखायला लागला. निलमचे डोळे भरून आले. संपलं सगळं, आईला आता काय सांगायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

कारखानीसांनी चप्पल हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, लाल टाक्यावरून अंगठा फिरवला. मग वाकून त्यांनी डाव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि पाय चपलेत सरकवला. बरोब्बर बसली.

"हा टाका दादरच्या आमच्या मोच्याचा," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी किनारा स्वच्छतेच्या उद्घाटनाला मीच आलो होतो, चुरी. फोटोसाठी चपला काढून पाण्यात उभा राहिलो, तेवढ्यात तुमच्या उत्साही पोरांनी एक उचलून कचऱ्यात टाकली. एक पाय अनवाणी घेऊन घरी गेलो मी! ही कधी समुद्रात गेलीच नाही. मुलगी खरं बोलतेय." ते निलमकडे वळले. "मग काय गं, या किनाऱ्यावर खरं काय येतं?"

"दमणच्या दारूच्या बाटल्या, सर. शनिवार-रविवारच्या. मी दर सोमवारी जाऊन मोजते. सरांनी ते प्रकरण काढून टाकायला लावलं."

"परत घाल. तू पास."

निलमनं डोळे पुसले. प्रल्हादनं घाईघाईनं पहिला चहा तिलाच दिला.

चुरी सरांनी एकदा नकाशाकडे बघितलं, एकदा परीक्षकांच्या पायाकडे. हळूहळू त्यांचा चेहरा उजळला. पुढे होऊन त्यांनी कारखानीसांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"अभिनंदन, सर! मी म्हणत होतो ना, जिथली वस्तू तिथंच परत येते?"