सरांची चाचणी

"आता मी पाच शब्द सांगेन. नीट ऐकायचे आणि लक्षात ठेवायचे," सर म्हणाले. "लिंबू, खिडकी, चप्पल, आत्या, पूल."

काकूंनी शब्द पाठोपाठ म्हणून दाखवले. एरवी नवऱ्याला, म्हणजे सरांना, एक वाक्य धड पुरं करू न देणारी ही बाई आज शाळेतल्या मुलीसारखी हात मांडीवर ठेवून बसली होती.

कोपऱ्यातल्या स्टुलावर सरांची विद्यार्थिनी कागद-पेन घेऊन बसली होती. हॉस्पिटलचा स्मृती विभाग आता तीच सांभाळायची. पण निवृत्त झालेले सर खोलीत आले, की डॉक्टरची खुर्ची त्यांची आणि स्टूल तिचं. यात बदल नव्हता.

बाहेर सोमवारची गर्दी होती. त्या गर्दीतल्या प्रत्येकाची हीच चाचणी व्हायची, सरांनी तयार केलेली. इथेच नाही, कुठकुठल्या देशांत व्हायची. साधा विसराळूपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे इतक्या सोप्या प्रश्नांतून कळू शकतं, हे त्यांना सुचलं म्हणून कितीतरी माणसांवर वेळेत उपचार झाले. वर्गात ते दरवर्षी एक विनोद करायचे. "मला झोपेतून उठवून विचारलंत तरी याची सगळी उत्तरं पाठ आहेत. उद्या माझ्यावरच वेळ आली, तर तुमची चांगलीच पंचाईत!" वर्ग दरवर्षी हसायचा.

"आज वार कोणता?"

"शुक्रवार," काकू म्हणाल्या.

सरांनी मान डोलावली, कागदावर खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. पेशंट चुकला तरी आपल्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू द्यायची नाही, हा त्यांचा नियमच होता. चूक कळली की माणूस घाबरतो आणि घाबरला की येत असलेलंही विसरतो. विद्यार्थिनी हे त्यांच्याकडूनच शिकली होती. तिनेही आपल्या कागदावर मुकाट्याने एक खूण केली.

गेले काही महिने सरांच्या घरी गॅस चालू राहत होता. नळ वाहत होता. किल्ल्या फ्रिजमध्ये सापडत होत्या. "मीच विसरले असेन," काकू म्हणायच्या. सर आधी त्यांना चिडवायचे. मग त्यांनी चिडवणं सोडलं.

अशात नवं औषध आलं. मेंदूत साचत जाणारं प्रथिन ते हटवतं आणि विसरण्याचा वेग कमी करतं, असं ताज्या संशोधनात दिसलं होतं. पण आजार सुरुवातीलाच पकडायला हवा. चाचणीत फार गुण गेले, तर औषध मिळतच नव्हतं. गेल्याच आठवड्यात रक्ताचीही नवी तपासणी झाली होती. काकू एकट्या सुई टोचून घ्यायला तयार होईनात, म्हणून सरांनी आधी आपला दंड पुढे केला. रिपोर्टमध्ये आजाराची खूण निघाली. आता सगळी भिस्त या चाचणीवर होती.

"तपासतील तर हेच. दुसऱ्या कुणापुढे मी तोंड उघडणार नाही," काकूंनी हट्टच धरला होता. हे नियमात बसत नव्हतं. तरी विद्यार्थिनीने लगेच होकार दिला.

"शंभरातून सात वजा करत चला," सर म्हणाले.

"त्र्याण्णव, शहाऐंशी, अठ्ठ्याहत्तर..."

सरांचं पेन थबकलं. त्यांनी फुली मारली. सामानाचा हिशेब तोंडी करून दुकानदाराला गप्प करणारी ही बाई! त्यांनी उगाचच चष्मा काढला, पुसला आणि टेबलावर ठेवून दिला.

"बरं. मघाचे शब्द आठवतायत?"

"लिंबू... खिडकी... टोपी." काकू अडखळल्या. "मावशी. आणि पूल."

सरांनी घाई केली नाही. हवा तेवढा वेळ दिला, हळूच मान हलवली, मग दोन फुल्या मारल्या. आणि मग त्यांनी जन्मभर पाळलेला नियम मोडला. उठून टेबलाच्या पलीकडे गेले, शेजारी बसले आणि बायकोचा हात हातात घेतला.

"अगं, वेड्यासारखी घाबरू नकोस. थोडंसंच आहे. अजून वेळ गेलेली नाही. आणि मी आहे ना लक्षात ठेवायला? तुझंही आणि माझंही."

"तुम्ही आहात म्हणून तर, अहो," एवढंच म्हणून काकू रडू लागल्या.

विद्यार्थिनीने मान खाली घातली. इतकी हळुवार, इतकी नेटकी तपासणी तिने आजवर पाहिली नव्हती. असा गुरू लाभला याचा तिला अभिमान वाटला.

सरांनी आपला कागद तिच्या हातात दिला. "मर्यादेच्या आत आहे. औषध आजच सुरू कर. आळस नको."

"हो, सर."

ते बाहेर पडले. व्हरांड्यात नव्या विद्यार्थ्यांनी त्यांना गराडा घातला आणि त्यांचा खणखणीत आवाज दार लोटेपर्यंत आत येत राहिला. विद्यार्थिनीने त्यांचा कागद आपल्या कागदाशेजारी ठेवला आणि एकेक ओळ ताडून पाहिली. दोनदा पाहिली.

"अगदी वेळेत आलात, काकू. औषध मिळेल. पण आता सरांना सांगावं लागेल. सही लागते."

"घरी गेल्यावर सांगते मी."

काकूंनी डोळे पुसले. टेबलावर राहिलेला सरांचा चष्मा उचलून पर्समध्ये ठेवला. दाराबाहेरच्या हशाकडे क्षणभर कान दिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वार त्यांच्या नजरेतून सुटला, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं होतं," त्या म्हणाल्या. "पण बाकी मी मुद्दाम केलेली एकूण एक चूक धरली हो त्यांनी!"