चपट्या तोंडाच्या गोळ्या

ताटलीत चपट्या तोंडाच्या गोळ्या तशाच उरलेल्या दिसल्या, आणि सुकदेव मिस्तरीच्या पायाखालची जमीन सरकली. त्या उरायला नको होत्या. त्या अमृतच्या काडतुसांत बसायला हव्या होत्या.

"डिंपल," त्यानं सुनेला हाक मारली, "अमृतला फोन लाव. आत्ताच्या आत्ता."

जळगावात त्याचं बंदुकांचं परवानाधारक दुकान. सकाळी काडतुसं भरायची दोन कामं एकदम हातात घेतली, तिथंच शेण खाल्लं. एक काम वकीलसाहेबांच्या रिव्हॉल्व्हरचं, दुसरं धरणगावच्या शेतकरी अमृतच्या रायफलीचं. रायफल आजोबांच्या वेळची, खालची लिव्हर ओढली की पुढचं काडतूस आपसूक वर येणारी. आता गंमत बघा, दोन्हीला काडतूस लागतं एकच. फरक काय तो गोळीच्या तोंडाचा. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक काडतुसाचं घर वेगळं, तिथं टोकदार गोळी खुशाल चालते. रायफलीत मात्र काडतुसं नळीत एकामागे एक झोपतात. मागच्याचं तोंड पुढच्याच्या बुडाशी, नेमकं ठिणगी देणाऱ्या टोपीवर. तिथं टोकदार गोळी असली आणि बार उडाल्याचा हिसका बसला, की टोपी टोचली जाणार आणि अख्खी नळी हातातच फुटणार. हे सुकदेव नव्या गिऱ्हाइकाला चहा पाजून पाजून समजवायचा. आणि आज त्यानंच टोकदार गोळ्यांच्या काडतुसांचं पुडकं अमृतच्या हातात दिलं होतं.

"उचलत नाहीयेत, आबा," डिंपल म्हणाली. "परत लावते."

उचलेल कशाला? रानडुकरांनी अमृतच्या मक्याचा पार सत्यानाश केला होता. वनखात्याची परवानगी कशीबशी हातात आली होती. आज उन्हं कलली की मचाणावर बसतो, असं तो सांगूनच गेला होता. मचाणावर बसलेला माणूस फोन वाजू देतो होय?

डिंपलनं स्कूटी काढली. धरणगावच्या रस्त्याला लागेपर्यंत सुकदेवच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"जोरात घे."

"आबा, याहून जोरात घेतली तर आधी आपलाच निकाल लागेल."

पुढे रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. सुकदेव उतरून फाटकाशी जाऊन उभा राहिला. त्यानं तिथं उभं राहून गाडी काय लवकर जाणार होती? पण बसवत नव्हतं.

त्याच्या जिवाला वेगळाच घोर लागला होता. गिऱ्हाइकं एकेक करून तुटली होती, जो तो कारखान्याची काडतुसं घेऊ लागला होता. एकटा अमृत टिकून होता. दर साली रिकाम्या पुंगळ्या घेऊन यायचा, भरून न्यायचा, आणि विचारलं की म्हणायचा, "एकदम झकास चालतस, आबा." त्या एका वाक्यावर म्हाताऱ्याचं साल निघायचं. ज्यानं आपल्यावर जीव टाकला, त्याच्याच हातात आपण मरण दिलं.

बांधावर स्कूटी आडवी टाकून दोघं मक्यात शिरली, आणि तेवढ्यात बार झाला.

सुकदेव मटकन खाली बसला. डिंपलनं त्याचा दंड धरला. "आबा, आवाज नीटच होता ना?" तिनं विचारलं.

मग दुसरा बार झाला. फुटलेली रायफल दुसरा बार काढत नाही. सुकदेव धडपडत उठला आणि ओरडत सुटला, "अमृत, खाली ठेव ती! हात लावू नको!"

अमृत मचाणावरून उतरून समोर आला. चांगला धडधाकट होता, वर ओरड्यानं डुक्कर पळालं म्हणून वैतागलेलाही होता. "आबा? तुम्ही आठे कसा काय उनात? डुक्कर पयी गयं ना."

सुकदेवनं रायफल त्याच्या हातातून काढून घेतली. तिचं तोंड रिकाम्या बांधाकडे वळवलं आणि लिव्हर मागेपुढे करत एकेक काडतूस मातीत पाडलं. मग उकिडवं बसून ती पाहिली. गोळ्या तांबूस होत्या, कारखान्याच्या. त्याच्या शिशाची एकही नव्हती.

"माझी कुठं आहेत?"

अमृतनं डिंपलकडे बघितलं, मग मातीकडे. "घर शेतस, डब्बामा," तो शेवटी म्हणाला. "बठ्ठा."

"सगळी घरी, डब्यात? दर साली पुंगळ्या रिकाम्या करून आणायचास, त्या मग?"

"त्या कारखानान्याच. धुळाथून आनस." त्यानं पँट वर सरकवली. पोटरीवर टाक्यांचा लांब व्रण होता. "चार वरीस व्हयनात, आबा. एक डाव तुमनं काडतूस अटकनं. डुक्कर समोर व्हतं. पण तुमले कसं सांगू? तुमनं गिऱ्हाईक मी एकलाच राह्यनू."

चार वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडलो, असं सांगून अमृत खाटेवर पडून होता. सुकदेव केळी घेऊन त्याला बघायला गेला होता. त्याच खाटेच्या पायथ्याशी बसून, यंदाची काडतुसं कशी चालली, हेही त्यानं विचारलं होतं.

आपल्या कामाला नाव ठेवणाऱ्याला म्हातारा दुकानाची पायरी चढू देत नसे. आता काय होतंय म्हणून डिंपल धास्तावून बघत राहिली. सुकदेवनं अमृतचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि बोटं एकेक करून चाचपली. सगळी जागेवर होती. त्याचे डोळे वाहू लागले.

"बरं केलंस रे, बाबा," तो म्हणाला. "माझ्यावर भरवसा ठेवला नाहीस, ते फार बरं केलंस."