हिरव्या कागदातल्या गोळ्या

"दोन रुपये सुटे नाहीत, दोन गोळ्या घ्या," म्हणत रंगनाथने बरणीत हात घातला.

निफाडच्या बसला निघालेली म्हातारी कुरकुरली, "आरं, कंडक्टर गोळ्या घेतो का? आन् कागद बी समदा चुरगाळलेला हाय." तिने गोळ्या कनवटीला खोचल्या आणि रस्ता ओलांडून ती थेट कादरच्या दुकानात शिरली.

रंगनाथच्या पोटात दुखायला लागलं. द्वारका चौकात त्याचं दुकान वीस वर्षांचं, कादरचं दोन वर्षांचं. तरी गर्दी तिकडे. फोनवरून पैसे देणारे कुठेही देतात, पण बस-रिक्षाने जाणाऱ्याला सुटे लागतात आणि अख्ख्या चौकात सुटे फक्त कादरकडे. रंगनाथ दिवसभर समोर बघून जळायचा. त्याची बायको कुसाबाईसुद्धा दळणाला जाताना कादरकडून नोट मोडून घ्यायची, हे तर त्याला फारच झोंबलं होतं.

"तुम्ही नाणं दाबून ठेवता, मग माणसं जातील नाहीतर काय?" ती म्हणायची.

खोटं नव्हतं. रंगनाथच्या गल्ल्यात गेलेलं नाणं गिऱ्हाइकाला पुन्हा दिसत नसे. रुपयाऐवजी गोळी दिली की तीस पैसे सुटत, हा त्याचा हिशोब. लहानू नावाचा फेरीवाला दर शुक्रवारी गोळ्या आणून द्यायचा, सत्तर रुपये शेकडा. एवढा स्वस्त माल नाशकात कुठे मिळत नव्हता. फक्त पैसे त्याला नाण्यांतच लागायचे. "हरसूलच्या बाजारात नोट कुनी मोडत नाय, शेठ," लहानू सांगायचा. रंगनाथ खुशीने पिशवी भरून द्यायचा.

पण धंदा बसतच गेला. शेवटी गाळ्याचा मालक म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर हा गाळाही कादरभाईंना देतो."

त्यानंतर रंगनाथला जेवण जाईना. कादरला एवढे सुटे मिळतात कुठून? एका शनिवारी दुपारी मनाचा हिय्या करून त्याने रस्ता ओलांडला.

"या, रंगनाथशेठ!" कादरने स्टूल पुढे केलं. "चहा सांगू?"

"चहा नको. एवढी चिल्लर कुठून आणता, तेवढं सांगा. बँकेत ओळख आहे का?"

कादर हसला. "बँक कसली! ही बरणी बघा."

बरणी हिरव्या कागदातल्या गोळ्यांनी निम्मी भरली होती.

"तुमच्याकडे मिळालेल्या गोळ्या लोक इथे आणतात. मी रुपयाला एक घेतो. मग खरेदीही इथेच करतात."

रंगनाथच्या काळजात कित्येक महिन्यांनी गार वाटलं. एवढा खुळा माणूस! हसू दाबत त्याने विचारलं, "मग या गोळ्यांचं काय लोणचं घालता?"

"लहानू नेतो ना, साठ रुपये शेकडा. थोडी तूट येते, पण पैसे तो सगळे नाण्यांत देतो. कालच देऊन गेला." कादरने एक जड पिशवी उचलून गल्ल्यात रिकामी केली. "त्याचं कुणी गिऱ्हाईक आहे म्हणे. नाव सांगत नाही. पण जो कोणी असेल, अल्ला त्याला बरकत देवो."