बांधावरचं बोलणं

वाटणी झाली तेव्हापासून धाकट्यानं थोरल्याशी बोलणं टाकलं होतं. दोघांचे केस पिकले तरी तो बोलला नव्हता. दोघांच्या शेतांमध्ये एक बांध, आणि बांधालगतच धाकट्यानं बुजगावणं उभं केलेलं, आपलाच जुना चौकड्यांचा सदरा चढवून.

त्या सकाळी धाकटा मक्यात वाकून खुरपत होता. थोरला बांधावर आला आणि बुजगावण्याला म्हणाला, "गुडघा काय म्हणतोय? पाणी द्यायला जाशील तर जपून, पाटाकडे निसरडं झालंय."

धाकट्यानं दचकून मान वर केली. दादाचे डोळे इतके गेले आणि आपल्याला पत्ताच नाही! तो धडपडत बाहेर आला.

"दादा, अरे ते बुजगावणं आहे. मी इकडे आहे."

"माहीत आहे की. डोळे धड आहेत माझे."

"मग त्याच्याशी काय बोलत बसलास?"

थोरल्यानं वाकून सदऱ्याचं निसटलेलं बटण लावलं.

"तुला हाक मारली की तू पाठ फिरवतोस. याला फिरवता येत नाही."